फिक्स्ड गिअर सायकलची जुळणी : सुरुवात मागच्या हबपासून

चालत्या साध्या सायकलवर पाय थांबवले की मागच्या चाकातून बारीक टकटक ऐकू येते. हा आवाज फ्री व्हीलमधल्या खटक्यांचा असतो. स्प्रिंगने दाबून धरलेले हे छोटे पोलादी खटके एका दिशेने दातांत अडकतात आणि पायांचा जोर चाकापर्यंत पोचवतात; उलट दिशेने ते दातांवरून घसरत जातात, म्हणून पाय स्थिर ठेवूनही सायकल पुढे जात राहते. फिक्स्ड गिअर सायकलमध्ये हे खटकेच नसतात. मागचे दातेरी चक्र, म्हणजे कॉग, हबवर (चाकाच्या मध्यभागातल्या नळकांड्यावर) पक्के बसवलेले असते आणि चाक फिरते आहे तोवर पायडलही फिरत राहते. पायडलवर उलटा जोर दिला तर चाकाची गती कमी होते आणि सायकल मागे ढकलली तर पायडल मागे फिरतात.

व्हेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकल शर्यतींसाठी बांधलेल्या गोलाकार धावपट्टीवरच्या, शर्यती याच रचनेच्या सायकलींवर होतात. बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले आणि इटलीचे फिलिपो गान्ना यांनी २०२२ साली स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशेन येथे ५६.७९२ किलोमीटर, दोघांच्याही सायकलींना एकच गिअर होता आणि फ्री व्हील नव्हते. शहराच्या रस्त्यावर येताना या सायकलीने आपला साधेपणा सोबत आणला. तिला गिअर बदलणारी यंत्रणा नसते, केबली मोजक्या असतात आणि जुळणी घरच्या घरी करता येईल असे वाटते. मुंबईत अशी सायकल जुळवू पाहणारे बहुतेक जण फ्रेमचा रंग आणि हँडलचा आकार इथून सुरुवात करतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. या सायकलीच्या प्रत्येक भागावर दोन्ही दिशांनी जोर येतो, आणि तो सर्वांत आधी झेलतो मागचा हब. हब ठरला की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटत जातात.

हा जोर किती असतो ते पाहू. ७० किलो वजनाचा माणूस १६५ मिलिमीटर लांबीच्या क्रँकवर, म्हणजे पायडल जोडलेल्या दांड्यावर, पूर्ण वजनाने उभा राहिला तर क्रँकवर सुमारे ११५ न्यूटन-मीटर इतके पीळबळ पडते. पुढच्या दातेरी चक्राला, म्हणजे चेन व्हीलला, ४६ आणि मागच्या कॉगला १७ दात असतील, तर त्यातले सुमारे ४३ न्यूटन-मीटर कॉगपर्यंत पोचते. पुढे जाताना हे बळ कॉग आणखी आवळत राहते, कारण त्याचे आटे उजवे असतात. पायांनी गती रोखताना मात्र तेवढ्याच तोलाचे बळ उलट दिशेने लागू शकते आणि कॉग सैल करू पाहते. त्यावर उपाय म्हणून खऱ्या ट्रॅक हबला आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतली मोठी पायरी उजव्या आट्यांची, तिच्यावर कॉग बसतो. बाहेरची थोडी लहान पायरी डाव्या आट्यांची, तिच्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉग जागेवर धरून ठेवणारे कडे. कॉग सुटण्याच्या दिशेने सरकू लागला की तो लॉकरिंगलाही त्याच दिशेने ओढतो, आणि लॉकरिंगचे आटे डावे असल्यामुळे ती दिशा तिच्यासाठी आवळण्याची ठरते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे सायकल दुरुस्त करणारा प्रत्येक कारागीर जाणतो. लॉकरिंगच्या बाबतीतही तेवढेच लक्षात ठेवले म्हणजे पाना चुकीच्या दिशेने फिरत नाही.

साध्या फ्री व्हील हबचे आटे आणि ट्रॅक कॉगचे आटे मापाने जुळतात, त्यामुळे कॉग साध्या हबवरही सहज चढतो. धोका इथेच आहे. साध्या हबला दुसरी पायरी नसल्याने लॉकरिंग बसत नाही, आणि पायांनी जोरात रोखण्याच्या नेमक्या क्षणी कॉग फिरून सैल होतो. काही जण पैसे वाचवण्यासाठी फ्री व्हीललाच वेल्डिंग मारून घेतात. तसे केल्याने खटके बंद होतात, पण फ्री व्हील हबवरून उलटे सुटण्याची शक्यता होती तेवढीच राहते, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. आट्यांवर चिकटद्रव्य लावणे हाही लॉकरिंगला पर्याय नाही. खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती हँडल, सीट आणि रंगात करावी. नवशिक्यांनी दोन्ही बाजूंना आटे असलेला हब घ्यावा, ज्याच्या एका बाजूला कॉग आणि दुसऱ्या बाजूला फ्री व्हील बसते. सवय होईपर्यंत गर्दीच्या रस्त्यावर चाक उलटवून फ्री व्हीलवर सायकल चालवता येते.

हब ठरला की फ्रेमची निवड सोपी होते. ट्रॅक हबची रुंदी १२० मिलिमीटर असते, तर गिअरच्या, रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या रोड सायकलींमध्ये मागची जागा बहुधा १३० मिलिमीटर आणि जुन्या माउंटन बाइकमध्ये बहुधा १३५ मिलिमीटर असते. जुनी पोलादी फ्रेम जाणकाराकडून थोडी दाबून किंवा फाकवून घेता येते. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये, तिला चीर जाते. दुसरी अट अशी की मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो ती आडवी हवी. साखळीचा ताण धरून ठेवणारा वेगळा भाग या सायकलीत नसतो, त्यामुळे चाक मागेपुढे सरकवूनच ताण साधावा लागतो, आणि उभ्या खाचेत ते शक्य होत नाही.

काळबादेवीच्या सायकल बाजारात किंवा चोर बाजारात जुनी पोलादी फ्रेम शोधणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती दूधवाल्यांची आणि डबेवाल्यांची काळी रोडस्टर. तिच्या खाचा आडव्या असतात आणि फ्रेम दणकट असते, त्यामुळे मोह होतो. पण तिचे ब्रेक सळईचे असतात आणि ते रिमला आतून, स्पोकच्या बाजूने, दाबतात. अशा रिमला बाजूची सपाट पट्टी नसल्याने दोन्ही बाजूंनी चिमटणारा साधा कॅलिपर ब्रेक तिच्यावर धरत नाही. म्हणजे या फ्रेमवर फिक्स्ड गिअर करायचा तर पुढचे चाकही बदलावे लागते, आणि त्याला साजेसा ब्रेक बसवायला पुढच्या फोर्कमध्ये जागा आहे का हेही पाहावे लागते. हा सगळा हिशेब फ्रेम विकत घेण्यापूर्वी मांडावा. गंज तपासताना केवळ रंगावर विसंबू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत नळ्या आतून खाल्ल्या जातात, म्हणून सीटची दांडी काढून नळीत प्रकाश टाकून पाहावे आणि बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो त्या नळीच्या, खालचा भाग बोटाने चाचपावा.

साखळीची रेषा हा पुढचा मुद्दा. फ्रेमच्या मध्यापासून चेन व्हीलचे अंतर आणि कॉगचे अंतर सारखे हवे. ट्रॅक सायकलीत ते सुमारे ४२ मिलिमीटर धरतात. बॉटम ब्रॅकेटच्या एक्सलची लांबी क्रँकप्रमाणे निवडून हे अंतर साधता येते. साखळी तिरपी राहिली तर ती आवाज करते, दात झिजवते आणि अखेर उतरू शकते. साध्या सायकलवर उतरलेली साखळी ही कटकट असते, फिक्स्ड गिअरवर मात्र ती कॉग आणि फ्रेमच्या मध्ये अडकून मागचे चाक जागच्या जागी बांधू शकते. चांगल्या साखळीत पायांचा जोर फारच थोडा वाया जातो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने १९९९ साली केलेल्या मोजमापात साखळीची कार्यक्षमता अनुकूल स्थितीत ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि साखळीचा ताण जास्त व दातेरी चक्रे मोठी असताना ती अधिक चांगली आढळली. क्रँकची लांबी १६५ मिलिमीटर ठेवावी. वळणावर सायकल झुकली तरी पाय थांबवता येत नाहीत, त्यामुळे लांब क्रँकचे पायडल रस्त्याला टेकण्याचा धोका असतो.

आता दातांच्या गणिताकडे वळू, कारण या सायकलीतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. ४६ आणि १७ दात घेतले तर क्रँकच्या एका फेरीत मागचे चाक सुमारे २.७ वेळा फिरते. २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरसह ७०० मापाच्या चाकाचा परीघ सुमारे २.१४ मीटर असतो, म्हणजे पायांच्या एका फेरीत सायकल ५.८ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला ७२ फेऱ्या पडतात, जो आरामाचा वेग आहे. पुलाच्या उतारावर वेग ४० वर गेला की त्याच पायांना मिनिटाला ११५ फेऱ्या माराव्या लागतात, आणि तिथे थांबण्याची मुभा नसते. मुंबई बहुतांशी सपाट असली तरी केम्प्स कॉर्नर, पेडर रोड आणि जागोजागचे उड्डाणपूल चढावेच लागतात. पाच टक्के चढावर, सायकलसह ८० किलो वजन धरले, तर या गिअरमध्ये पायडलवर सरासरी २६० न्यूटन बळ लागते, म्हणजे सुमारे २६ किलोग्रॅम वजनाइतके. ४८ आणि १६ दातांची जोडी घेतली तर तेच बळ २९० न्यूटनपर्यंत जाते. सिग्नलला थांबून पुन्हा निघणाऱ्या शहरी स्वाराने मोठ्या गिअरचा हव्यास धरू नये. गुडघे आधी तक्रार करतात.

४८ आणि १६ ची जोडी आणखी एका कारणाने वाईट आहे. तिचे गुणोत्तर बरोबर ३ येते. पाय रोखून मागचे चाक घसरवत थांबताना क्रँक नेहमी एकाच स्थितीत, आडवे, धरले जातात. आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला चाक नेमके तीनदा फिरत असल्याने दर वेळी टायरचा तोच एक ठिपका रस्त्यावर घासला जातो. बाकी टायर कोरा राहतो आणि त्या एका जागी आतला दोरा दिसू लागतो. ४६ आणि १६ चा संक्षेप २३ छेद ८ होतो, म्हणून घासणारे ठिपके आठ होतात. ४६ आणि १७ मध्ये सामाईक विभाजकच नसल्याने ठिपके सतरा होतात. हा नियम एकच पाय पुढे ठेवून थांबणाऱ्यासाठी आहे. आलटून पालटून दोन्ही पायांनी रोखणाऱ्याला, संक्षेपातला अंश विषम असेल तर, दुप्पट ठिपके मिळतात. ज्याच्या मागच्या दातांची संख्या मूळ संख्या आहे असा कॉग घेणे म्हणून शहाणपणाचे ठरते. शाळेत शिकलेला लघुतम रूपाचा नियम इथे टायरचे आयुष्य ठरवतो.

तरीही चाक घसरवून थांबणे ही ब्रेकची जागा घेऊ शकत नाही, आणि या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही. वेग कमी होताना शरीराचा भार पुढे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड कमी, म्हणून मागच्या चाकाने मिळणारी अडवणूक मर्यादित राहते. चाकांमधले अंतर एक मीटर, स्वारासह गुरुत्वमध्याची उंची १.१ मीटर आणि कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरून हिशेब केला, तर केवळ मागच्या चाकाने ताशी २५ किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे १० मीटर लागतात. पुढच्या ब्रेकने, स्वार हँडलवरून उलटण्याच्या मर्यादेपर्यंत तो दाबला तर, ५ मीटर पुरतात. ओल्या रस्त्यावर घर्षणांक निम्मा मानला तर मागच्या चाकाला १५ मीटरहून अधिक लागतात आणि पुढच्याला सुमारे ८. मुंबईत जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो आणि रिक्षा कोणत्या क्षणी वळेल हे सांगता येत नाही. पुढचा कॅलिपर ब्रेक, चांगल्या प्रतीच्या रबरी पॅडसह, बसवलाच पाहिजे. ओल्या रिमवर पॅड पकडायला थोडा वेळ लागतो, म्हणून पावसात तो अधूनमधून हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी.

चाकांबद्दल थोडक्यात इतकेच की ३६ स्पोकचे, तीनदा छेद देऊन विणलेले मागचे चाक घ्यावे. सरळ केंद्रातून निघणारे स्पोक दोन्ही दिशांचा पीळ नीट पेलत नाहीत. ट्रॅक हबच्या दोन्ही बाजू समान असल्याने स्पोकांचा ताणही दोन्हीकडे सारखा राहतो आणि खड्ड्यांतून गेल्यावर चाकाचा आऊट कमी वेळा काढावा लागतो. टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावा. २३ मिलिमीटरचा टायर व्हेलोड्रोमसाठी आहे. पायडलला पाय धरून ठेवणारा पट्टा मात्र आवश्यक समजावा, कारण फिरत्या पायडलवरून पाय सुटला तर ते पोटरीवर आदळते.

जुळणीतले खरे कौशल्य साखळीच्या ताणात आहे. सायकल स्टँडवर उभी करून क्रँक हळूहळू फिरवावा आणि खालच्या पदराच्या मध्यावर बोट लावून साखळी वर-खाली हलवून पाहावी. एका जागी ती घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल जाणवते, कारण चेन व्हील क्रँकवर किंचित एका बाजूला बसलेले असते. साखळी सर्वांत घट्ट असेल तिथे थांबून चेन व्हीलचे बोल्ट थोडे सैल करावेत, वरून लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकावे, पुन्हा आवळून पुन्हा फिरवावे. घट्ट आणि सैल जागांतला फरक जवळजवळ नाहीसा झाला की सर्वांत घट्ट जागी सुमारे एक सेंटिमीटर खेळ ठेवून एक्सलचे नट दोन्हीकडून आळीपाळीने आवळावेत. कॉगचा एक दात वाढवला तर चाक सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकते. हे माहीत असले म्हणजे खाचेत पुरेशी जागा आहे का ते आधीच सांगता येते.

हे काम करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. फिरत्या साखळीवर कापड धरून ती पुसू नये. साध्या सायकलमध्ये बोट अडकले तर पायडल सोडता येते; इथे चाकाचा वेगच बोटाला दातांमधून पुढे ओढून नेतो. साखळी पुसायची तर चाक थांबवून, एकेक पदर पुढे घेत पुसावी. लॉकरिंग पहिल्या काही फेरफटक्यांनंतर पुन्हा आवळून घ्यावी, कारण चालवताना कॉग आट्यांवर आणखी आत बसतो आणि त्याच्या व लॉकरिंगच्या मध्ये बारीक फट पडते.