डिसअसेम्बलर मूळ प्रोग्राम परत देत नाही

सांगलीत विश्रामबागच्या चहाच्या गाड्यावर डिप्लोमाची पोरं अजून छातीठोक सांगतात: डिसअसेम्बलरला, म्हणजे मशीनचे बाइट वाचून त्यांच्या आज्ञा लिहून देणाऱ्या टूलला, फाइल दिली की मूळ प्रोग्राम जसाच्या तसा परत. नाही, बाबांनो!

लॅबमधला ८०८५ प्रोसेसरच घ्या. मेमरीत ओळीनं दोन बाइट आहेत, ३ई आणि ७६ (सोळाच्या पायातले आकडे; पुढचा ‘एच’ ही त्याचीच खूण). डिसअसेम्बलर लिहितो ‘एमव्हीआय ए, ७६एच’, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या खणात, ७६ भर. पण वाचायला एक बाइट पुढून सुरुवात केली, तर तेच ७६ होतं ‘एचएलटी’: प्रोसेसर, थांब. आज्ञा कुठली आणि नुसता डेटा कुठला, हे बाइटवर लिहिलेलं नसतं. टूलला ते ताडावं लागतं, आणि ते चुकतंही.

प्रोग्रामरच्या कॉमेंट, प्रोग्राममधल्या जागांना दिलेली लेबलांची नावं? ती असेम्बल करतानाच, म्हणजे प्रोग्रामचे बाइट बनवतानाच, गळाली. पोत्यावरचा शिक्का हळदीच्या पुडीत कुठून सापडणार? त्यांच्या जागी उरतात पत्ते, ‘जेएमपी २०५०एच’ (त्या पत्त्यावर उडी मार) असे.