पोटरीतला गोळा, की पायाला न पोचणारे रक्त?

रात्री पिंडऱ्या वळतात अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या मिळतात: एक सलाईन, कॅल्शियमच्या गोळ्यांचे पाकीट आणि भरपूर पाणी पिण्याचा सल्ला. पिंडरीत येणारा हा गोळा आपला आपण जाणारा असल्यामुळे गुण आल्यासारखे वाटते आणि तीच चिठ्ठी शेजारच्या घरातही फिरते. अडचण एवढीच, की त्याच बाकावर पाय दुखतो म्हणून बसलेल्या दुसऱ्या माणसाला गोळा येतच नसतो. त्याच्या पायाच्या रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, अरुंद झालेल्या असतात, बहुतेक वेळा सोबत शुगर असते किंवा बिडीचे जुने व्यसन असते, आणि सलाईन घेऊन तो घरी गेला की मोलाचे महिने वाया जातात.

गोळ्याबद्दल फार सांगायला नको, कारण तो न आलेला माणूस विरळा. स्नायू अचानक आखडतो, हाताला कडक गाठीसारखा लागतो, काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत जीव घेतो आणि पोटरी ताणली की सुटतो. ठणका मात्र दुसऱ्या दिवशीही राहतो. वय झालेल्यांना, गरोदर बायकांना, जुलाबांनंतर किंवा वसमतकडे हळद शिजवणाऱ्या कढईपाशी दिवसभर घाम गाळल्यावर तो येतो.

रक्त कमी पडणाऱ्या पायाचे दुखणे चालण्याशी बांधलेले असते. ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, माणूस थांबतो, काही मिनिटे नुसता उभा राहिला तरी दुखणे ओसरते, आणि पुन्हा जवळपास तेवढेच अंतर गेल्यावर परत येते. चढ असेल किंवा पाऊल भरभर उचलले तर ते लवकर येते. अशी माणसे बाजारातून येताना दर थोड्या अंतरावर कोणाशी तरी बोलायचे निमित्त काढून थांबतात आणि घरच्यांना ते लक्षातही येत नाही. दुखत असताना पोटरी दाबून पाहिली तर ती मऊच लागते.

इथपर्यंत घोटाळा होण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो रात्री, कारण रोहिण्यांचा आजार वाढला की तेही दुखणे झोपेतून उठवते, आणि दोन्ही दुखणी पाय जमिनीवर टेकल्यावर कमी होतात. रुग्ण एकच वाक्य सांगतो: ‘रात्री पाय धरतो, उठून उभं राहिलं की बरं वाटतं.’ या वाक्यावर कोणतेही निदान करू नये. गोळ्यात उभे राहिल्याने बरे वाटते ते पोटरी ताणली जाते म्हणून. दुसऱ्या दुखण्यात बरे वाटते ते पाय खाली आल्यावर रक्त उताराने पावलापर्यंत पोचते म्हणून. त्यामुळे विचारायचे ते असे, की पाय ताणावा लागतो, की बाजेवरून नुसता खाली सोडला तरी चालते? पाय लोंबकळत ठेवून बसूनच रात्र काढणारा माणूस गोळ्याचा रुग्ण नव्हे. दुखण्याची जागाही वेगळी असते: गोळा बहुधा पोटरीत येतो, तर रक्ताअभावी रात्री दुखतात ती बोटे आणि चवडा. गोळा काही मिनिटांत सुटतो, हे दुखणे पाय वर घेतला की पुन्हा सुरू होते. असा पाय उंच धरल्यावर पांढुरका पडतो आणि खाली सोडल्यावर लालसर होतो. ‘उशीवर पाय ठेवून झोपा’ हा सरसकट सल्ला म्हणूनच मला अजिबात मान्य नाही.

खात्री करायला मोठी यंत्रे लागत नाहीत. पावलावरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी लागते का, हे पाहायला मिनिटभर पुरते. पण त्यासाठी रुग्णाला चप्पल काढायला सांगावे लागते, आणि नेमके तेच होत नाही. घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून आलेला आकडा ०.९० किंवा त्याहून कमी असेल, तर रोहिण्यांचा आजार धरावा. मधुमेहात रोहिण्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब पाहतात.

मणक्यातली नस दबल्यानेही चालताना पाय भरून येतात, पण ते दुखणे नुसते थांबून जात नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते, आणि असा माणूस सायकल मात्र मजेत चालवतो.

आता उपचार. गोळा आला की गुडघा सरळ ठेवून पंजा स्वतःकडे ओढावा, आणि झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणण्याची सवय लावावी; माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी. वयस्कांना येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणण्यासारखा उपयोग नाही, असे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले आहे. क्विनाइन या मलेरियावरच्या जुन्या औषधाने गोळे थोडे कमी होतात, पण रक्तातल्या प्लेटलेट धोकादायक रीतीने घटू शकतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. अमेरिकेने १९९४ मध्येच गोळ्यांसाठी त्याची चिठ्ठीविना विक्री थांबवली. गोळे वारंवार येत असतील तर लघवी वाढवणारे औषध चालू आहे का ते पाहावे. मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉईड तपासावे. सोबत पायातली ताकद कमी होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.

रोहिण्यांच्या आजारात तंबाखू पूर्ण बंद, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्त गोठू न देणारी गोळी आणि साखर व रक्तदाबावर ताबा हा पाया आहे. त्याच्या जोडीला चालणे: दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. ‘पाय दुखतो, चालू नका’ हा सल्ला इथे उलटा पडतो; जखम किंवा रात्रीचे दुखणे असलेल्याने मात्र आधी रोहिण्यांच्या शल्यचिकित्सकाला पाय दाखवावा. चाळिशीच्या आतल्या बिडी ओढणाऱ्या पुरुषाला असा त्रास असेल तर बर्गरच्या आजाराची, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होण्याची, शंका घ्यावी. त्यात ‘दोनच ओढतो’ हेही चालत नाही. बिडी सुटली नाही तर बोटे आणि पुढे पाय गमवावा लागू शकतो.

गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक गोळ्याला चालतो. मधुमेहाने बधिर झालेल्या किंवा रक्त न पोचणाऱ्या पायाला तो कधीही देऊ नये. चटका कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. पाय एकाएकी थंड, पांढरा आणि बधिर पडला तर शेक, मालिश, सकाळची वाट, काहीच न करता त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे, कारण असा पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात.