ओली वीट, गरम गॅस आणि सरकारी पैसा

मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २४ प्रकल्पांना मंजूर झालेली सुमारे ३.७ अब्ज डॉलरची मदत रद्द केली. त्यात क्राफ्ट हाइन्झ ही केचपवाली कंपनीही होती. दहा कारखान्यांत हीट पंप, विजेवरचे बॉयलर वगैरे बसवायला तिला १७ कोटी डॉलरपर्यंत मिळायचे होते. केचप शिजवायला सरकारने पैसे का मोजायचे, असं कुणालाही वाटेल. तंत्र चांगलं असेल तर कंपनी आपणहून घेईल आणि वाईट असेल तर करदात्याच्या माथी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर कॉम्प्रेसरच्या तेलात दडलेलं आहे. त्यासाठी ऑस्ट्रियातल्या उट्टेनडॉर्फला जाऊ. तिथल्या वीनरबर्गर कंपनीच्या वीट कारखान्यात युरोपीय संघाच्या पैशातून ‘ड्रायफिशन्सी’ नावाचा प्रयोग झाला. हीट पंपाने १६० अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता पुरवून ओल्या विटा वाळवायच्या होत्या.

विटेचा खर्च भट्टीत होतो असं आपण समजतो. पण भाजण्याआधी ती वाळवावी लागते आणि एक किलो पाणी उडवायला, शाळेत शिकलेल्या ५४० कॅलरींच्या हिशेबाने, निदान ०.६३ युनिट उष्णता लागते. पाण्याबरोबर हवाही तापते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. ही सगळी उष्णता दमट हवेतून धुराड्याबाहेर जाते. ती नाहीशी झालेली नसते, फक्त कमी तापमानाला उतरलेली असते. हीट पंप तिला वर चढवतो. वीज खर्च होते ती उष्णता ‘तयार’ करण्यात नव्हे, ती उचलण्यात. म्हणूनच एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळू शकते आणि ऊर्जा अक्षय्यतेचा नियमही मोडत नाही. (इंधनाच्या पाइपला चुंबक बांधून बचत करून देणारे मात्र तो रोज मोडतात. त्यांच्या माहितीपत्रकात शेरेच असतात, मोजमाप नसतं.)

किती उचलायचं यावर सगळं ठरतं. समजा ८० अंशांच्या पाण्यातून उष्णता घेऊन १२० ला द्यायची आहे. १२० अंश म्हणजे ३९३ केल्विन. त्याला ४० च्या चढाने भागलं की आदर्श गुणक, म्हणजे एका युनिट विजेत जास्तीत जास्त मिळू शकणारी उष्णता, ९.८ युनिट. चांगलं यंत्र याच्या निम्म्यापर्यंत पोचतं. १६० ला द्यायची तर ४३३ भागिले ८०, म्हणजे ५.४. शिवाय दोन्ही उष्णता-विनिमयकांत पाच-पाच अंश सांडतात. म्हणून यंत्रात फिरणाऱ्या गॅसला प्रत्यक्षात ७५ पासून १६५ पर्यंत चढावं लागतं. आदर्श ४.९ वर येतो आणि हातात पडतात २.४. नैसर्गिक वायूच्या तिप्पट दराने वीज घेणाऱ्याला ९० टक्के कार्यक्षम बॉयलरशी निव्वळ बरोबरी करायलाच २.७ लागतात.

आता गॅस. इथे गॅस म्हणजे एसीवाला जो भरतो तो. वाफ पुन्हा द्रव होताना अप्रकट उष्मा सोडते, त्यावर हे यंत्र चालतं. पण प्रत्येक पदार्थाचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. आर-१३४ए चं १०१ अंश, अमोनियाचं १३२. म्हणून इथे आर-१३३६एमझेडझेड(झेड) घेतला, क्रांतिक तापमान १७१. तो पेटत नाही आणि हवामानावरचा त्याचा परिणाम नगण्य आहे. मात्र त्याचा एक स्वभाव त्रासदायक आहे. पाण्याची वाफ दाबली की आणखी कोरडी होते. हा मोठ्या रेणूंचा गॅस दाबताना उलट ओला होऊ शकतो, आणि सिलिंडरमध्ये थेंब म्हणजे झडपांचा चुराडा. उपाय असा: कंडेन्सरमधून निघालेला गरम द्रव वापरून सक्शनची, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये ओढली जाणारी, वाफ तिच्या उकळबिंदूच्या पंधरावीस अंश वर नेऊन ठेवायची.

ते केलं की मोटरीचं दुखणं सुरू होतं. बऱ्याच कॉम्प्रेसरांत मोटर सक्शनच्या थंड गॅसनेच गार राहते. इथे तो ‘थंड’ गॅसच नव्वदीच्या घरात! वाइंडिंगचं इन्सुलेशन एफ वर्गाचं असेल तर मर्यादा १५५ अंश, एच वर्गाचं असेल तर १८०.

आणि मग तेल. गरम झालं की ते पातळ होतं, हे झालंच. शिवाय हा गॅस तेलात विरघळून त्याला आणखी पातळ करतो. तो ३३ अंशांना उकळतो, म्हणजे यंत्र रात्री बंद पडून गार झालं की क्रँककेसमध्ये, म्हणजे कॉम्प्रेसरच्या तळाच्या तेलाच्या पेटीत, द्रव होऊन तेलात मिसळतो. सकाळी बटण दाबलं की दाब उतरतो, गॅस उकळतो, तेलाचा फेस होतो, पंप फेस ओढतो आणि बेअरिंग कोरडी पडते. म्हणून क्रँककेसला हीटर लावून, आधी तेल तापवून मगच यंत्र सुरू करायचं. तेलात ओल शिरली तर एस्टर जातीचं तेल फुटून आम्ल होतं आणि सील फुगतात ते वेगळंच.

यातलं तत्त्व काहीच नवं नाही. केल्विनने ते १८५२ मध्ये मांडलं आणि त्याच दशकात ऑस्ट्रियातच रिटिंगर या अभियंत्याने एबेनझे इथे मिठागराच्या पाण्याची वाफ दाबून पुन्हा वापरायचा प्रयोग केला. अडलंय ते बेअरिंगपाशी. हजारो तास चालवल्याशिवाय बेअरिंग कळत नाही आणि ज्याची भट्टी चोवीस तास धडधडते तो पहिला उंदीर व्हायला तयार नसतो. पहिला मोडण्याचा खर्च सोसतो, तेल कुठलं घालायचं हे मात्र सगळ्यांना फुकट कळतं. सरकारी पैसा लागतो तो नेमका इथे.

आपल्याकडे २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ‘अदिती’ योजना आली. १००० कोटी रुपये, सूक्ष्म-लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत. चांगलीच आहे, पण ही सवलत यंत्र बसवण्याची, तेलाची परीक्षा घेण्याची नव्हे.

इचलकरंजीसारख्या ठिकाणी कापडप्रक्रियेत कोळसा, लाकूड जाळून वाफ करतात. तिथे १६० अंशांचा हट्ट धरायचं कारण नाही. सुती कापडाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईला ६० ते ८० अंश पुरतात, पॉलिएस्टरला १३०. ४० अंशांच्या सांडपाण्यातून ८० ला चढायचं तर आदर्श गुणक ८.८ निघतो आणि साधं यंत्र चालतं. फक्त त्या पाण्यात कापसाचे तंतू असतात. आधी गाळणी हवी, तीही जोडीने, म्हणजे एक धुताना दुसरी चालू राहील. नाहीतर उष्णता-विनिमयकाच्या प्लेटा तुंबतात आणि पाच अंशांचा फरक बघता बघता पंधरावर जातो.