चेकर आधी कंडक्टरकडे का जातो?

सोलापूरच्या सात रस्त्याहून निघालेली सिटी बस मधल्या एखाद्या स्टॉपवर थांबते आणि दोघं जण चढतात, एक पुढच्या दारानं, एक मागच्या. लगेच कुजबुज होते, "चेकर आले." कुणी खिसे चाचपतं, कुणी पाकीट उघडतं. कारखान्यात विड्या देऊन घरी निघालेली बाई काकणाखाली घडी करून अडकवलेलं तिकीट सोडवते. पण नीट पाहिलं तर चेकर आधी प्रवाशाकडे वळत नाही. तो कंडक्टरचं तिकिटाचं मशीन हातात घेतो. मशीन नव्हतं तेव्हा तिकिटांची पेटी आणि वे-बिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, घ्यायचा. डोकी मोजणं त्यानंतर. हा क्रम कुठून आला, हे समजून घेतल्याशिवाय विनातिकीट प्रवासावर बोलणं मला अर्धवट वाटतं.

सोलापूरकरांना तिकीट तपासणीची पहिली ओळख झाली ती रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची गाडी १८६० मध्ये इथं पोचली. रेल्वेत तिकीट खिडकीवर, प्रवासाच्या आधी मिळतं आणि विकणारा बाबू स्टेशनातच राहतो. म्हणून डब्यात येणाऱ्या टीसीच्या समोर उभा असतो तो फक्त प्रवासी. कायदाही त्याच बेतानं झाला आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३८ नुसार विनातिकीट प्रवाशाकडून भाडं तर घेतातच, वर भाड्याइतकी किंवा २५० रुपये, यातली जी जास्त असेल ती रक्कम घेतात. फसवण्याचाच हेतू दिसला तर कलम १३७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बसचं तसं नाही. इथं तिकीट विकणारा आपल्यासोबतच प्रवास करतो. पैसे घेणारा तोच, तिकीट देणारा तोच आणि दिवसअखेर हिशेब देणाराही तोच. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, तेव्हा रस्त्यावरची वाहतूक सरकारच्या हाती येऊ लागली होती. शेकडो मैलांवर पसरलेल्या हजारो छोट्या व्यवहारांवर लक्ष ठेवायचं कसं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे नंबर टाकलेली तिकिटं. एसटी असो, बेस्ट असो की आपल्या महापालिकेची परिवहन सेवा, पद्धत साधारण एकच.

ती पेटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना भोक पाडणाऱ्या पंचाची टिकटिक अजून ऐकू येईल. पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या किमतीचे, निरनिराळ्या रंगांचे तिकिटांचे गठ्ठे ओळीनं लावलेले. कंडक्टर अंगठ्यानं तिकीट ओढायचा, टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचा आणि हातात ठेवायचा. खरा हिशेब मात्र वे-बिलावर. समजा दोन रुपयांच्या गठ्ठ्याचा नंबर फेरीच्या सुरुवातीला २१४ होता आणि आता वरचं तिकीट २५१ आहे, तर ३७ तिकिटं गेली. टप्प्याटप्प्याला हे आकडे लिहायचे. चेकर यायचा तो याच आकड्यांसाठी. गेलेली तिकिटं, उतरलेली माणसं, बसलेली माणसं आणि बॅगेतली रोकड, हे सगळं जुळायला हवं. ड्यूटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत तेही कंडक्टरनं आधीच वे-बिलावर नोंदवायचं. नंतर बॅगेत जास्त निघाले तरी प्रश्न, कमी निघाले तरी प्रश्न.

एवढा बंदोबस्त करावा लागला, कारण चोरीच्या वाटाही तितक्याच साध्या होत्या. "निम्मे दे, तिकीट राहू दे" ही सगळ्यात जुनी. उतरणाऱ्याच्या हातातलं तिकीट परत घेऊन पुढच्याला देणं ही दुसरी. लांबचे पैसे घेऊन जवळच्या टप्प्याचं तिकीट देणं ही तिसरी. शेवटच्या दोन्हींत प्रवाशाचा काही दोष नसतो, आणि पहिलीत दोघेही सामील असतात. चार पैसे वाचले असं प्रवाशाला वाटतं, पण त्या बसच्या डिझेलला आणि टायरला ते पैसे कधीच मिळत नाहीत.

कायद्यानं हे दोन्ही हात एकाच कलमात धरले आहेत, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२४ तिकीट किंवा पासाशिवाय प्रवासाला मनाई करतं. पण गाडीतच तिकीट देण्याची सोय असेल तर आधी चढून मग तिकीट काढायला मुभाही देतं. ऑफिस सुटण्याच्या वेळी गच्च भरलेल्या बसमध्ये कंडक्टर मागपर्यंत पोचलेला नसतो, तेव्हा ही मुभा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कलम १७८ मध्ये शिक्षा आहे. तिकीट न दाखवणाऱ्या प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड. भाडं घेऊन तिकीट न देणाऱ्या किंवा कमी किमतीचं देणाऱ्या कंडक्टरलाही ५०० रुपयांपर्यंतच. एसटीचा स्वतःचा नियम वेगळा आहे. चुकवलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल ते.

पण कंडक्टरला खरी भीती दंडाची नसते, नोकरीची असते. हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल देशभरातल्या बस खात्यांच्या चौकशांत आजही काढला जातो. फिरत्या पथकाला बसमध्ये बिनतिकीट प्रवासी सापडले होते, पण त्यांचे लेखी जबाब घेतले गेले नव्हते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालानं तेवढ्यावरून कारवाई रद्द होणार नाही असं ठरवलं. खात्यांतर्गत चौकशीला न्यायालयातला कडक पुराव्याचा नियम लागत नाही, काहीतरी पुरावा असला की पुरे. म्हणजे चौकशीत प्रवासी कधी समोर आला नाही, तरी कंडक्टरची नोकरी जाऊ शकते. अपहार करणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण पार्क चौकापासून दाटीवाटीत उभ्या असलेल्या एखाद्याचं तिकीट खरोखरच राहून गेलं असेल, तर त्या कंडक्टरच्या पोटाचा विचार मला सुचल्याशिवाय राहत नाही.

पुढं मशीन आलं. पेटी गेली, पंच गेला, नंबरांचं गणित मशीनच करू लागलं. आता मोबाइलवरूनही पैसे देता येऊ लागल्यानं सुट्ट्यांचा वाद कमी होतो आहे. तिकीट देण्याआधी पैसे घेऊन "नंतर देतो" म्हणायची सवय मात्र मशीननं मोडलेली नाही.

सोलापुरात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १ मे १९६४ ला नगरपालिकेची महापालिका झाली. गिरण्यांचं, मागाचं आणि विड्यांचं हे गाव. कन्ना चौकातून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला, हैदराबाद रोडच्या विडी घरकुलला, कुंभारीच्या वसाहतीला जाणाऱ्यांना स्वस्त बस हवीच होती. शहरांसाठीच्या केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्या बस आल्या, पण त्यांतल्या अनेकींच्या चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, तडे गेले आणि त्या डेपोत उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्यांचे पगार थकले, आंदोलनं झाली. फेऱ्या कमी झाल्या तशी माणसं शेअर रिक्षाकडे गेली. तिथं तिकीटच नाही, मग चेकर कुठून असणार? फुकट्यांमुळे बस बुडाली असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. न आलेल्या बसचं तिकीट कोण बुडवणार?

आई विड्या वळायची. कारखान्यातून पानं-तंबाखू घेऊन निघाली की पिशवी मांडीवर ठेवायची आणि कंडक्टर जवळ यायच्या आत नाणी मुठीत धरून असायची. बसमध्ये तीन भाषा चालायच्या. शेजारची तेलुगूत "टिकेट इव्वु" म्हणायची, मागची कन्नडमध्ये "टिकेट कोड्री" म्हणायची, आई मराठीत मागायची. एकदा मी विचारलं, चेकर रोज थोडाच येतो? ती म्हणाली, "गाडीला काही झालं तर मी आत होते हे सांगायला हाच कागद." घरी आल्यावर ती तिकिटं ती खिळ्याला टोचून ठेवायची, लाइटच्या बिलांशेजारी.