ऱ्हाइनच्या चिखलातलं आरमार

1981 च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या माइन्झ शहरात, ऱ्हाइन नदीच्या काठी, एका हॉटेलच्या वाढीव इमारतीसाठी पाया खणणं चालू होतं. चिखलातून काळीठिक्कर ओकची लाकडं वर येऊ लागली. पुरातत्त्वज्ञांनी तो खड्डा हळूहळू उकरला, तेव्हा पाच रोमन लष्करी नौकांचे अवशेष हाती लागले. ओल्या चिखलात हवा शिरत नाही आणि हवेशिवाय लाकूड खाणाऱ्या बुरशीचं काही चालत नाही. म्हणून 1600 वर्षं ते लाकूड टिकलं.

नौका कधीच्या, हे लाकडानंच सांगितलं. ओकच्या खोडात दरवर्षी एक वर्तुळ वाढतं. चांगल्या पावसाच्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. जाड-बारीक वर्तुळांचा हा क्रम त्या भागातल्या जुन्या ओकच्या नोंदींशी जुळवून पाहिला की झाड कधी तोडलं ते कळतं. उत्तर आलं, चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. रोमन साम्राज्य तेव्हा चहूबाजूंनी झुंजत होतं.

रोमन आरमार म्हटलं की वल्ह्यांच्या तीन-तीन रांगांची अवाढव्य जहाजं डोळ्यांपुढे येतात. माइन्झची लढाऊ नौका तशी मुळीच नाही. लांबी सुमारे 21 मीटर, रुंदी तीन मीटरही नाही, आणि फळ्या जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीच्या. तिला लॅटिनमध्ये ‘लुसोरिया’ म्हणत. तीसेक सैनिकच ती वल्हवायचे. लांब आणि अरुंद नौका पाणी कमी रेटते, आणि तिच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, उठणारी लाट उशिरा आडवी येते; त्यामुळे तितक्याच दंडबळात ती जास्त पळते. बूड उथळ असल्यानं काठाला सहज लागते. रेगेन्सबुर्ग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी अशी नौका पुन्हा बांधून स्वतः वल्हवली आहे.

या नौकांनी काय केलं, ते अम्मिआनुस हा त्या काळचा इतिहासकार सांगतो. तो स्वतः सैन्यातला माणूस, म्हणून त्याच्या वर्णनात बारकावे आहेत. 357 च्या हिवाळ्यात ज्युलियन या रोमन सेनानीनं (तो पुढे सम्राट झाला) म्यूज नदीकाठी फ्रँक टोळीच्या लोकांना वेढा घातला. नदी गोठली असती तर वेढ्यातले लोक रात्रीतून बर्फावरून निसटले असते. म्हणून ज्युलियननं दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत लुसोरिया नदीत वर-खाली फिरवल्या. बर्फ धरायच्या आत फुटत राहिला. 54 दिवसांनी फ्रँक शरण आले. दोन वर्षांनी ऱ्हाइनवर, माइन्झच्याच परिसरात, त्यानं 40 नौकांतून 300 सैनिक रात्री प्रवाहाबरोबर सोडले. वल्ही उचलून धरायची, पाण्याचा चुबूकही होता कामा नये, असा हुकूम होता. पलीकडच्या काठावरचे शत्रू रोमन छावणीच्या शेकोट्यांवर नजर ठेवून बसले आणि सैनिक भलतीकडेच उतरले. मला या दोन रात्री मोठमोठ्या सागरी लढायांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

समुद्रावरही तेव्हा मोठा बदल होत होता, आणि त्याचं मूळ सुतारकामात असावं. जुन्या युद्धनौकांचं हत्यार म्हणजे नाळेवरची ‘धडक’, शत्रूच्या जहाजात घुसवायची काशाची चोच. इस्राएलच्या किनाऱ्याजवळ अथलितला 1980 मध्ये अशी एक धडक मिळाली. तिचं वजन 465 किलो आहे. शत्रूच्या कुशीत ती घुसवताना बसणारा हादरा आपल्याही जहाजाला सोसावा लागतो. पूर्वी फळ्यांच्या कडांना खाचा पाडून, त्यांत लाकडी जिभा म्हणजे कुसू घालून, फळीला फळी घट्ट बसवत आणि मग आत बरगड्या घालत. सारी ताकद त्या कवचात असे. पुढे पुढे कुसू लहान, विरळ आणि सैल होत गेले; जोर बरगड्यांवर आला, फळ्या त्यांना खिळ्यांनी ठोकल्या जाऊ लागल्या. हे बांधकाम स्वस्त आणि झटपट होतं, पण असा हादरा कवचभर पसरवणं त्याला जमत नव्हतं. धडक नाहीशी होण्यामागे काही अभ्यासक हेच कारण मांडतात, आणि मला ते पटतं.

मोठी जहाजंच जिंकतात असं नाही, हे 324 साली आजच्या तुर्कस्तानातल्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत दिसलं. कॉन्स्टंटाइन आणि लिसिनिउस हे दोन रोमन सम्राट तेव्हा एकमेकांशी लढत होते. लिसिनिउसच्या सेनापतीनं 200 मोठी जहाजं आणली. कॉन्स्टंटाइनचा मुलगा क्रिस्पुस फक्त 80 छोट्या नौका घेऊन समोर आला. चिंचोळ्या पाण्यात मोठी जहाजं एकमेकांवरच आदळली. दुसऱ्या दिवशी उठलेल्या वादळी वाऱ्यानं उरलेल्यांतली बहुतेक खडकांवर फोडली.

वारा दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतो, हे 468 मध्ये ट्युनिशियाच्या बॉन भूशिराजवळ दिसलं. उत्तर आफ्रिका बळकावलेल्या व्हँडल टोळीवर रोमन आरमार चालून आलं होतं. व्हँडल राजा गेइझेरिकनं पाच दिवसांची सवड मागितली, हवा तो वारा सुटेपर्यंत थांबला आणि पेटवलेल्या रिकाम्या नौका रोमन आरमारात सोडून दिल्या. दाटीवाटीनं उभी असलेली जहाजं धडाधड पेटत गेली.

533 मध्ये पूर्व रोमन सेनापती बेलिसारिउस त्याच व्हँडलांवर निघाला, तेव्हा 500 मालवाहू जहाजांच्या रक्षणाला 92 ‘द्रोमोन’ होत्या. द्रोमोन म्हणजे धावणारी. एकाच रांगेत वल्ही, आणि वल्हेकऱ्यांना बाण लागू नयेत म्हणून वर छत. बेलिसारिउस आणि त्याच्या माणसांच्या तीन जहाजांच्या शिडांचा वरचा कोपरा त्यानं लाल रंगवून घेतला, आणि रात्रीसाठी त्यांवर काठ्या उभ्या करून दिवे टांगले, म्हणजे अंधारात मागच्यांची वाट चुकणार नाही.