रिकामा बॉबकॅट चढावर रिव्हर्समध्येच
तुर्भ्याच्या साइटवर बॉबकॅट, म्हणजे पुढे बकेट असलेलं छोटं माती उचलणारं मशीन, चालवायला आलेल्या नव्या पोराला पहिला धडा मिळतो तो असा: 'चढाव आला की बकेट पुढे, मशीन उलटत नाही.' हे अर्धंच खरं. स्किड स्टिअर लोडरचं, म्हणजे आपल्या बॉबकॅटचं, इंजिन मागे असतं. बकेट रिकामी असताना वजन मागच्या चाकांवर. मुरमाच्या रॅम्पवर तोंड वर करून चढवलं की पुढची चाकं उचलतात. म्हणून रिकामं मशीन रिव्हर्समध्ये चढवायचं. बकेट भरली की वजन पुढे येतं, तेव्हा मात्र तोंड चढाकडे. उतरतानाही जड बाजू वरच, बकेट जमिनीलगत.

सीट बार, म्हणजे चालकाच्या मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा, तारेने बांधून ठेवणारे महाभागही आहेत! तो वर असला की आर्म, म्हणजे बकेट उचलणारा हात, हलता कामा नये. सकाळी तो वर करून पेडल दाबून बघा. आर्म तरीही हलला तर मशीन बाजूला लावा.