लिनक्सवर रेकॉर्डिंगमध्ये आवाजच न येणं

रेकॉर्डिंग सुरू होतं, सेकंद पळतात, फाइलसुद्धा सेव्ह होते, पण वाजवून बघावी तर चिडीचूप, आणि ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये उघडली तर लाटेच्या जागी मधोमध एक सरळ रेघ. लोक याला 'माइक गेला' म्हणतात. बहुतेक वेळा गेलेला नसतो.

माइकपासून फाइलपर्यंत आवाज तीन टप्प्यांतून येतो. सगळ्यात खाली कर्नलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) अल्सा, म्हणजे साउंड कार्डाशी बोलणारा भाग, जो २.६ कर्नलमध्ये म्हणजे २००३ च्या शेवटी ओएसएस या जुन्या ध्वनी यंत्रणेच्या जागी आला. त्यावर साउंड सर्व्हर, म्हणजे ॲप आणि कार्ड यांच्यात आवाज पोहोचवणारा मधला प्रोग्रॅम, हे काम आधी पल्सऑडिओकडे होतं, आता पाइपवायरकडे आहे (फेडोरात २०२१ च्या ३४ व्या आवृत्तीपासून, उबुंटूत २२.१० पासून). आणि वर आपलं ॲप. वैताग असा की प्रत्येकाचं म्यूट वेगळं, खाली बंद असेल तर वरचा स्लायडर १०० टक्के करून काही होत नाही.

म्हणून खालून वर जायचं. टर्मिनलमध्ये एरेकॉर्ड (arecord) या अल्साच्या कमांडकडून साउंड कार्डांची यादी काढायची. यादीत माइकच नसेल तर सेटिंगशी खेळून उपयोग नाही, बऱ्याच नव्या इंटेल लॅपटॉपमधल्या डिजिटल माइकला साउंड ओपन फर्मवेअर हे ऑडिओ चिपमध्ये चालणारं सॉफ्टवेअर लागतं, ते पॅकेज टाकून रीस्टार्ट मारायचा. माइक दिसला तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (alsamixer), म्हणजे अल्साच्या आवाजपट्ट्या, उघडा, एफ६ ने कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चरच्या बाजूला जा आणि स्पेस दाबा. पट्टीखाली लाल अक्षरात कॅप्चर उमटलं म्हणजे ती वाट मोकळी झाली.

मग साउंड सर्व्हरच्या टप्प्यासाठी पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल हा प्रोग्रॅम उघडायचा, पाइपवायरवरही हाच चालतो. त्यातला रेकॉर्डिंग टॅब रिकामा बघून लोक घाबरतात, पण ॲपची ओळ तिथे रेकॉर्डिंग चालू असतानाच दिसते, त्यामुळे आधी रेकॉर्ड दाबायचं आणि मग बघायला जायचं. तिथे सोर्स म्हणून 'मॉनिटर' निवडलेला असेल तर स्पीकरमधून जे वाजतंय तेच रेकॉर्ड होणार, तुम्ही कितीही ओरडा. ब्लूटूथ हेडसेट ए२डीपीवर (गाणी चांगल्या दर्जात ऐकण्याच्या प्रोफाइलवर) असेल तर साधारणपणे माइक मिळतच नाही, हँड्सफ्री (कॉलच्या) प्रोफाइलवर आणावा लागतो, आणि मग त्यावर गाणी फोनवरून ऐकल्यासारखी येतात.

सगळ्यात चक्रावणारा प्रकार मला माझ्याच जुन्या लॅपटॉपवर भेटला आणि दोन संध्याकाळी खाऊन गेला. मीटर मस्त नाचतोय, स्टीरिओत रेकॉर्ड केलं तर आवाज आहे, मोनोत केलं की शून्य! काही लॅपटॉपमध्ये आतल्या माइकचा उजवा चॅनेल डाव्याच्या बरोबर उलटा येतो, मोनो करताना दोघांची बेरीज झाली की ते एकमेकांना खाऊन टाकतात. त्याच व्हॉल्यूम कंट्रोलच्या इनपुट डिव्हाइसेस टॅबमध्ये दोन्ही चॅनेल एकत्र बांधणारं कुलूप उघडायचं, उजवा शून्यावर आणायचा, झालं.